सोमवारच्या मुलाचा डावा पाय

या, थोडं पुढे सरका. धूर त्या अंगाला जातोय, इकडे बसलात तर डोळे झोंबणार नाहीत. भट्टीवरचे मासे पलटायला अजून वेळ आहे, तेवढ्यात एक गोष्ट सांगते. तिच्यात माझी एक चूक आहे, ती मी लपवणार नाही. आणि शेवटी तुमच्याकडे एक मागणं मागणार आहे, ते आत्ताच सांगून ठेवते.

मी अराबा. एकुमोआच्या चर्चमध्ये बायकांच्या गाण्यात तीस वर्षं पहिला आवाज माझा. आमच्याकडे प्रवचन नुसतं ऐकायचं नसतं. पाळक बोलत असतात, बोलता बोलता त्यांचा एखादा शब्द एखाद्या बाईच्या काळजाला लागतो, की ती उठते आणि तिथल्या तिथे गाणं जुळवते. बाकीच्या बाया तिचं पालुपद धरतात. पाळक कितीही मोठे असोत, त्या वेळी ते थांबतात, आणि गाणं संपलं की जिथे सोडलं होतं तिथून पुढे बोलतात. गाणाऱ्या बाईला खाली बसवायचं नाही, हा आमच्या आजे-पणजांपासूनचा नेम. देव आमच्या प्रवचनाला येत असेल तर तो या मधल्या गाण्यांसाठीच येत असेल, असं मला आपलं वाटतं. पाळकांना हे सांगू नका.

माझी धाकटी बहीण एफुआ. तिला दोन मुलगे. थोरला मंगळवारी जन्मला, तो एबो. धाकटा सोमवारी जन्मला, तो जोजो. आमच्यात जन्माचा वार म्हणजेच नाव. आत्मा ज्या दिवशी आला त्या दिवसाचं नाव घेऊन येतो. बाप आबिजानला जाळं टाकायला गेला आणि तिकडचाच होऊन बसला, तेव्हा पोरांना एक आई एफुआ आणि दुसरी मी. दोघं मला ‘मोठी आई’ म्हणायचे.

मंगळवारी आमच्या किनाऱ्यावर कोणी समुद्रात जात नाही. तो दिवस समुद्राचा. होड्या वाळूवर आडव्या, जाळी झाडांवर, आणि सगळी वाळू फुटबॉलची. दोन काठ्या इकडे, दोन तिकडे. एबोच्या उजव्या पायात अशी ताकद होती की गोली चेंडू अडवायच्या आधी तोंड झाकायचा. आणि जोजो, तो सगळं डाव्याने करायचा. पाठमोरा असला तरी चेंडू त्याच्या डाव्या पायाला चिकटून यायचा, जसं कोंबडीचं पिल्लू आईमागे.

“काय रे, तुझा उजवा पाय आईच्या पोटातच राहिला की काय?” मोठी पोरं चिडवायची.

“नाही,” जोजो म्हणायचा, “तुमच्या गोलीची दया येते, म्हणून घरी ठेवून येतो.”

एबो पंधराचा, जोजो बाराचा, तेव्हाची गोष्ट. मंगळवार होता. एबोने असा चेंडू मारला की तो काठ्यांवरून, होड्यांवरून उडून लाटांत पडला. चेंडू नवा होता. सगळे काठावर उभे राहून बघत राहिले, कारण मंगळवारी पाण्यात कोण उतरणार? एबो धाकट्याला म्हणाला, “गुडघाभर तर पाणी आहे. जा, घेऊन ये.”

भावाने सांगितलं म्हणून जोजो गेला. थोड्या वेळाने लाटेने चेंडू परत आणून टाकला. जोजोला नाही आणलं.

आमच्या गावात रीत आहे. समुद्राने नेलेल्याला किनाऱ्यावर उभं राहून नावाने तीन हाका मारायच्या. तिसऱ्या हाकेला समुद्र त्याला परत करतो. एफुआच्या घशातून आवाज फुटेना, म्हणून हाका एबोने मारल्या. “जोजो! जोजो! जोजो!” दुसऱ्या दिवशी उजाडताना पोरगं वाळूवर होतं, डाव्या कुशीवर निजल्यासारखं. आम्ही त्याला मातीत ठेवलं. आणि एकदा मातीत ठेवल्यावर ते नाव पाण्याजवळ पुन्हा हाक मारून घ्यायचं नाही. घरात हळू आवाजात आठवण काढावी, हाक मारू नये. कारण ज्याला हाकेला यायची सवय लागली, तो येतो.

आता माझी चूक. चर्चच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची, त्यात बाप्तिस्म्याची वही. गावातलं कोणी गेलं की त्याच्या नावासमोर लाल शाईने तारीख लिहायची, हे काम माझं. त्या आठवड्यात मी वही उघडली. ‘कोजो बेंत्सिल, घरचं नाव जोजो.’ दौत उघडली, टाक बुडवला, आणि हात चालेना. म्हटलं, पुढच्या रविवारी लिहू. असे किती रविवार गेले. वहीत माझा जोजो जिवंतच राहिला.

तीन वर्षं एबोने उजव्या पायाने वाळू उडवली, पण तोंडावरचं हसू गेलं ते गेलंच. मग एका मंगळवारी केप कोस्टच्या फुटबॉल अकादमीचे कोच आर्को गावात आले. दातात काडी, डोक्यावर टोपी. सगळा खेळ उभ्याने बघितला.

“वय किती तुझं?” त्यांनी एबोला विचारलं.

“अठरा.”

आर्कोंनी काडी थुंकली. “म्हातारा झालास की रे! मला सोळाच्या आतले हवेत.” दोन पावलं गेले आणि वळले. “अंगाने बारीक आहेस. मिसरूडही नाही. कागदावर पंधरा असशील तर सोमवारी ये. कागद कोणाचा, ते मी विचारत नाही.”

एबो थेट या भट्टीपाशी आला. मी मासे पलटत होते. तो लाकडं सरकवत बसला.

“मोठी आई, जोजो आत्ता असता तर पंधराचा असता.”

“हं.”

“वहीत त्याच्यापुढे लाल लिहिलेलं नाही. मी बघितलंय.”

माझ्या हातातला मासा निखाऱ्यात पडला. “तुला लाज नाही वाटत? मेलेल्या भावाच्या नावावर खेळायचं?”

“त्याच्या नावावर नाही खेळायचंय,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. “त्याला खेळवायचंय. ‘जा, घेऊन ये’ हे मी म्हणालो होतो ना? मग पाय माझे घेऊ दे की त्याला.”

 किल्ली कमरेलाच होती. वहीतून दाखला उतरवून दिला, शिक्का मारला. एफुआला सांगितलं तेव्हा ती भांडी घासत होती.

“म्हणजे जोजो खेळणार?” तिने विचारलं.

“खेळणार एबोच गं. नाव तेवढं...”

“जोजो खेळणार,” ती म्हणाली, आणि तीन वर्षांनी माझी बहीण हसली. त्या हसण्यापुढे मी तोंड मिटलं.

अकादमीचं मैदान अगदी समुद्राला लागून. पहिल्याच आठवड्यात मी एबोला मक्याच्या आंबवलेल्या पिठाची केंकी आणि तळलेले मासे घेऊन गेले. पोरं धावत होती. आर्को रेषेवरून ओरडले, “जोजो!” एबोने वळूनही पाहिलं नाही, नाव अंगवळणी पडलं नव्हतं. “जोजो!” तरी नाही. “अरे बहिऱ्या, जोजो!”

तिसऱ्या हाकेला तो वळला.

ऊन होतं, वारा कोरडा होता, वाळवंटाकडून येणाऱ्या हर्मटान वाऱ्याची धूळ उडत होती, आणि माझ्या पाठीवरून ओलं बोट फिरल्यासारखं झालं. मैदानापलीकडे एक लाट फुटली. लाटा तर फुटतच असतात, मी स्वतःला म्हटलं. तेवढ्यात चेंडू एबोकडे आला. त्याने तो डाव्या पायावर घेतला, जसं कोंबडीचं पिल्लू आईमागे, आणि डाव्यानेच जाळ्यात घातला. एबोला डाव्या पायाने साधा दगड उडवता येत नव्हता हो!

“हा डावा पाय कुठे लपवला होतास?” आर्को हसून विचारत होते.

एबो हसला नाही. तो आपल्या पायाकडे बघत होता.

त्यानंतर गोलच गोल. रेडिओवर त्याचं नाव येऊ लागलं. शनिवारी दुपारी एफुआ रेडिओ दारात ठेवायची, शेजारणी जमायच्या. सगळ्या गावाला खरं माहीत होतं, पण गाव गप्प होतं. आपल्या गावचं पोर वर जातंय, कोण बोलणार? “जोजो बेंत्सिलचा डावा पाय!” रेडिओतला माणूस ओरडायचा, आणि मागे हजारो माणसं, “जो-जो! जो-जो!” शेजारणी टाळ्या वाजवायच्या. मला त्या हाका मोजवेनात. आम्ही तीन मारल्या होत्या तर तो पाण्यातून आला होता.

एबो सुटीला आला की त्याचे बूट मी धुवायची. उजवा बूट मैदानातल्या लाल मातीने भरलेला. डावा ओला. आत पांढरी वाळू, समुद्राची, बारीक शिंपल्यांची. पहिल्यांदा वाटलं, किनाऱ्यावर फिरला असेल. दुसऱ्यांदा मी विचारलं.

“मी किनाऱ्यावर जात नाही, मोठी आई,” तो म्हणाला. “खेळ संपला की तोंडात खारट चव येते. पाणी प्यायलं तरी जात नाही.”

आणि एफुआ! दर सोमवारी ती ओटो करायची: यामचा कंद उकडून, पामतेलात कुस्करून, वर अंडी. हे आमच्यात ज्याचा वार असेल त्याच्या आत्म्यासाठी करतात. सोमवारी जोजोसाठी. पूर्वी मंगळवारी एबोसाठीही करायची. ते कधी बंद झालं, मला कळलंही नाही. एबो सुटीला यायचा तेव्हा ती त्याच्या डाव्या हाताशी चमचा ठेवायची, आणि तो काही न बोलता उजव्या हातात घ्यायचा.

वर्ष झालं. परदेशातल्या एका क्लबचा माणूस येऊन त्याला बघून गेला आणि बोलावणं आलं. कोजो बेंत्सिल नावाचा पासपोर्ट निघाला. निघायच्या आदल्या रविवारी चर्चमध्ये आभाराची प्रार्थना ठरली.

शनिवारी एबो पुन्हा इथे, या भट्टीपाशी येऊन बसला. गाल आत गेले होते.

“काय रे, पोटभर खात नाहीस का तिकडे?”

“सकाळी आईने मला एक विचारलं,” तो म्हणाला. “मला म्हणाली, ‘तुझा भाऊ कुठे असतो रे हल्ली?’ मी म्हटलं, कोणता भाऊ? म्हणाली, ‘एबो. किती दिवसांत दिसला नाही. तूच त्याला समुद्रावर पाठवलंस काय?’”

लाकूड तडतडलं. मी ते आत सारलं.

“उजव्या पायाने मारायला जातो, तर तो पाय ऐकत नाही. झोपेत कोणी ‘एबो’ म्हटलं तर उठत नाही म्हणतात खोलीतली पोरं. मोठी आई, मी त्याला पाय दिले होते. सगळा नव्हतो दिला.” मग हळूच म्हणाला, “तिकडे गेलो तर परत कोण येईल? आणि नाही गेलो, खरं सांगितलं, तर त्याला दुसऱ्यांदा मीच बुडवला असं होईल. आई मरून जाईल. तू सांग, जाऊ का?”

मी म्हणायला हवं होतं, बाळा, वही माझी, चूक माझी. म्हणाले काय? “उद्या प्रार्थना होऊ दे.” म्हातारी भित्री असते, पोरांनो. चर्चमध्ये गाते म्हणून धीट असते असं नाही.

रविवारी चर्च भरून गेलं. आर्को सूट घालून पहिल्या बाकावर. एफुआ पांढऱ्या-निळ्या कापडात, नवरीसारखी. एबो वेदीच्या कठड्यापाशी खुर्चीवर बसवलेला, डावा पाय पुढे. त्याच्या बुटाखालची फरशी ओली होती. मी दुसरीकडे बघितलं.

पाळक एशुन बोलू लागले. “देव गर्दीला हाक मारत नाही,” ते म्हणाले. “तो एकेकाला हाक मारतो. ज्याचं नाव त्यालाच. आज आपण आपल्या कोजोला, आपल्या जोजोला...”

आणि शब्द लागला. काळजात नव्हे, गुडघ्यांत लागला म्हणा, कारण मी उभी राहिले तेव्हा मला कळलंच नाही की मी उभी आहे. पाळक रिवाजाप्रमाणे थांबले. बाया माझ्याकडे बघू लागल्या. गाणं माझ्याकडे नव्हतं. तोंड उघडलं आणि ते आलं.

“सोमवारी आला सोमवारचा, बायांनो, आला का?”

“आला, आला!” बायांनी उचललं.

“मंगळवारी आला मंगळवारचा, बायांनो, आला का?”

“आला, आला!”

“वहीत ज्याला लाल नाही, त्याला मी नाही लिहिलं. बायांनो, हात माझा, पाप माझं, ऐकलं का?”

पालुपद अडखळलं. मागच्या बाकावरची एक म्हातारी तेवढी “ऐकलं” म्हणाली. आर्को अर्धवट उठले. “या बाईंना बसवा कोणीतरी!” पाळकांनी हात वर केला. गाणाऱ्या बाईला कोणी बसवत नाही.

“सोमवारचा मातीत निजला, त्याला हाका मारतं कोण? मंगळवारचा उभा आहे, त्याला हाका मारतं कोण? बायांनो, मैदानात धावतो तो, नाव त्याचं काय?”

पालुपद आलं नाही.  कुठेतरी पंखा घरघरत होता, आणि चर्चच्या भिंतीमागे समुद्र. गाणं मधेच सोडणं म्हणजे आमच्याकडे फार वाईट. मी पुन्हा म्हटलं, “नाव त्याचं काय?” आवाज फाटला. तिसऱ्यांदा म्हटलं, “नाव त्याचं काय?”

तिसऱ्या हाकेला एबो उभा राहिला.

“एबो,” तो म्हणाला. गायला नाही, नुसता बोलला, आणि बोलताना घोटभर पाणी त्याच्या तोंडातून पुढ्यात सांडलं. “मंगळवारचा. मी एबो आहे. जोजोला मी पाण्यात पाठवलं होतं. माझ्या उजव्या पायाने चेंडू गेला, आणि मी म्हटलं जा.”

हे त्याने चार वर्षांत आईसमोर कधी काढलं नव्हतं. सगळं चर्च एफुआकडे वळलं. ती बसल्या जागी ताठ झाली होती. मला वाटलं, आता ही किंचाळेल, किंवा माझ्या अंगावर येईल. दोन्ही केलं असतं तरी तिचा हक्क होता. ती उठली, कठड्यापाशी गेली, एबोचा चेहरा दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ बघत राहिली, जसं घरी आलेल्या पाहुण्याला ओळखायचा प्रयत्न करावा तसं.

“दुबळा झालास रे, एबो,” ती म्हणाली.

मग माझ्याकडे न बघता तिने गाणं माझ्या हातातून घेतलं. चार वर्षं जिच्या घशातून सूर निघाला नव्हता, ती गायली, “सोमवारचा गेला, बायांनो, गेला का?”

बाया रडत होत्या. “गेला, गेला.”

“मंगळवारचा राहिला, बायांनो, राहिला का?”

“राहिला, राहिला.”

पाळकांनी पुढचं प्रवचन केलं नाही. म्हणाले, झालं की.

बाहेर आर्कोंनी मला गाठलं. “मावशी, पोराचा गळा कापलात तुम्ही. समजतंय का?”

“तुम्हीच म्हणालात, कागद कोणाचा ते विचारत नाही,” मी म्हटलं. “आता कोणी विचारलं तर माझं नाव सांगा.”

ते खोटं बोलत नव्हते. परदेशाची संधी गेली. एबोला दोन वर्षं खेळायची बंदी आली. आर्कोंचं काम गेलं. माझ्याकडून कपाटाची किल्ली घेतली, ती घ्यायलाच हवी होती. पण त्याआधी मी वही मागितली आणि लाल शाईने ती तारीख लिहिली. त्या वेळी हात चालला. त्या मंगळवारी एफुआने ओटो केला, वर दोन अंडी ठेवली, आणि एबो ते खाताना रडत होता.

दोन वर्षं तो होड्यांवर गेला. मग सेकोंदीच्या एका लहानशा क्लबने त्याला घेतलं. पाठीवर ‘एबो बेंत्सिल’. पहिला गोल उजव्या पायाने. रेडिओवर तेवढ्यासाठी कोण बोलणार, पण शेजारच्या पोराने फोन करून ऐकवला. बूट अजून मीच धुते. दोन्हींत लाल माती असते, दोन्ही कोरडे.

एवढंच की सुटीला आला की मंगळवारी तो वाळूवर खेळतो, आणि कधी कधी चेंडू समुद्रात जातो. आता कोणी कोणाला ‘जा’ म्हणत नाही. सगळे बसून राहतात. थोड्या वेळाने लाट चेंडू आणून सोडते. इतकी पोरं बसलेली असतात, पण चेंडू येतो तो एबोकडेच, त्याच्या डाव्या पायाशी येऊन थांबतो. एबो तो पाय हलवत नाही. वाकतो, हाताने उचलतो, ओल्या चेंडूला कपाळ टेकवतो आणि खेळ पुढे सुरू होतो.

मासे झाले वाटतं, वास बदलला. जाताना दोन घेऊन जा. आणि माझं मागणं तेवढं विसरू नका. माझ्या धाकट्याची आठवण ठेवा. बारा वर्षांचा होता, सगळं डाव्याने करायचा, चिडवणाऱ्यांना उत्तरं द्यायचा. त्याच्यासाठी मनात एक ओळ म्हणा. पण तुमची वाट किनाऱ्यावरून जाते. मनातच म्हणा, हाक मारू नका.